दोन रिसेप्टरवर चालणारी वजनाची इंजेक्शनं: रेणू कसा घडवलाय, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिर्झेपाटाइड हे आठवड्यातून एकदा टोचायचं, डायबेटिसचं आणि वजन उतरवायचं औषध मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने भारतात आलं आणि तेव्हापासून माझ्या फोनवर प्रश्न येतायत ते थांबलेच नाहीत. मी आधी बरीच वर्षं पेप्टाइड बनवणाऱ्या लॅबमध्ये होते, आता रत्नागिरीत शिकवते, त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले, दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतचे लोक विचारतात. तुम्ही ते घ्यायचं की नाही आणि किती, हे तुमचा डॉक्टर ठरवणार, मी डॉक्टर नाही. पण रेणू असाच का बनवलाय हे एकदा समजलं की फ्रीज, पावडर, चुकलेला डोस असल्या बऱ्याच गोष्टींचं उत्तर आपोआप कळतं, म्हणून त्या बाजूने लिहिलंय. प्रश्नांना नंबर दिलेत, एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे नुसता नंबर टाकलाय.

१. पेप्टाइड म्हणजे जिमवाले घेतात त्या प्रोटीन पावडरसारखंच काहीतरी का?

घटक तेच, अमिनो ॲसिड. एकामागे एक ओवलेली माळ समजा. लांब माळ म्हणजे प्रोटीन, आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. शरीरातली हार्मोन घ्या, ग्लुकागॉन २९ मण्यांचं, जीएलपी-१ ३० चं, जीआयपी ४२ चं, इन्सुलिन ५१ चं, आणि आपलं औषध टिर्झेपाटाइड ३९ चं. प्रोटीन पावडर पोटात गेली की माळ तुटून मणी सुटे होतात आणि तिथे ते चालतंच, मणीच हवे असतात. औषधात मात्र मण्यांचा क्रम हेच औषध, एक मणी इकडचा तिकडे झाला तरी सगळा खेळ बदलू शकतो.

२. दोन रिसेप्टर म्हणजे कुठले दोन, आणि ते असतात कुठे?

रिसेप्टर म्हणजे हार्मोनचा निरोप घेणारं पेशीवरचं प्रोटीन. इथले दोन म्हणजे जीएलपी-१ चा आणि जीआयपी चा, ही दोन्ही आतड्यातली हार्मोन. आपण जेवलो की आतड्याच्या वरच्या भागातल्या के पेशी जीआयपी सोडतात आणि खालच्या भागातल्या एल पेशी जीएलपी-१ सोडतात. दोघं स्वादुपिंडाला सांगतात की साखर येतेय, इन्सुलिन तयार ठेव. महत्त्वाचं म्हणजे हा निरोप रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच जोरात लागू पडतो, म्हणून ही औषधं एकटी घेतली तर साखर एकदम खाली जायचा धोका कमी असतो, पण सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर तो धोका वाढतो, डॉक्टरला सांगाच.

वजनाचा भाग मेंदूत आहे. भूक आणि पोट भरल्याची जाणीव जिथे ठरते त्या भागांत दोन्ही रिसेप्टर आहेत. शिवाय जीएलपी-१ पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं. जीआयपीचा रिसेप्टर चरबीच्या पेशींजवळही असतो, जीएलपी-१ चं तिथे फारसं काही चालत नाही, म्हणून दोघांना एकत्र आणण्यात लोकांना रस वाटला.

३. हे हार्मोन शरीरातच बनतं तर तेच बाटलीत भरून का देत नाहीत?

कारण ते रक्तात काही मिनिटांत संपतं. डीपीपी-४ नावाचं एंझाइम कात्रीसारखं फिरत असतं आणि माळेच्या सुरुवातीचे दोन मणी कापून टाकतं. जीएलपी-१ मध्ये दुसरा मणी ॲलानीन आहे, जीआयपीमध्येही ॲलानीनच, आणि ह्या कात्रीला दुसऱ्या जागेवरचं ॲलानीन फार आवडतं. पहिले दोन मणी गेले की रिसेप्टर चालू होत नाही, कारण चालू करायचं काम सुरुवातीच्या टोकाचंच असतं (प्रश्न ६ बघा).

उपाय दिसायला छोटा आहे. दुसऱ्या जागेवर ॲलानीन काढून एआयबी नावाचं अमिनो ॲसिड बसवलं. ॲलानीनच्या मधल्या कार्बनवर एक मिथाइल गट असतो, एआयबीवर दोन. तेवढ्या जास्तीच्या अडगळीने कात्रीचं पातं नीट बसत नाही. सेमाग्लुटाइडमध्ये (ह्याच्या आधीचं, फक्त जीएलपी-१ च्या रिसेप्टरवर चालणारं औषध) हीच युक्ती आहे, टिर्झेपाटाइडमध्येही दुसऱ्या जागेवर एआयबी आहे आणि वर तेराव्या जागेवर आणखी एक आहे. मला स्वतःला हा बदल ह्या सगळ्या रेणूत सगळ्यात सुंदर वाटतो. एक कार्बन आणि काही हायड्रोजन, आणि मिनिटांचं औषध टिकाऊ व्हायला लागतं.

पण कात्रीपासून वाचवलं म्हणजे काम झालं असं नाही, किडनी आहेच. त्याचं उत्तर चौथ्यात.

४. आठवड्यातून एकदाच टोचून कसं काय पुरतं?

किडनी म्हणजे बारीक भोकांचं जाळं समजा. लहान पेप्टाइड त्यातून सहज सुटून लघवीच्या वाटेला लागतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन मोठं आहे, टिर्झेपाटाइडच्या जवळपास चौदापट वजनाचं, ते सुटत नाही. मग रेणू बनवणाऱ्यांनी काय केलं, पेप्टाइडला चरबीची एक लांब शेपटी लावली जी अल्ब्युमिनला जाऊन चिकटते. ट्रॉलरच्या मागे दोरीने बांधलेली छोटी होडी कशी ट्रॉलर नेईल तिथे जाते, तसं हे अल्ब्युमिनच्या मागे फिरत राहतं. थोडं सुटतं, काम करतं, बाकीचं बांधलेलं राहतं.

शेपटी कुठली आणि दोरी किती लांब ह्यावर सगळं अवलंबून आहे. लिराग्लुटाइड ह्या त्याहून जुन्या औषधाला सोळा कार्बनचं साधं फॅटी ॲसिड लावलं होतं, अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण १३ तास, म्हणून रोज टोचायचं. सेमाग्लुटाइडला अठरा कार्बनचं, दोन्ही टोकांना ॲसिड असलेलं, ते अल्ब्युमिनला जास्त घट्ट धरतं, अर्धायुष्य साधारण एक आठवडा. टिर्झेपाटाइडला वीस कार्बनचं, विसाव्या जागेवरच्या लायसीन ह्या अमिनो ॲसिडला लावलेलं, अर्धायुष्य साधारण ५ दिवस. आणि सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइडमध्ये शेपटी थेट लावत नाहीत, मधे एक ग्लुटामिक ॲसिड आणि पाण्यात विरघळणारे दोन छोटे तुकडे घालतात, म्हणजे अंतर राहतं आणि रिसेप्टरच्या कामात शेपटी आडवी येत नाही.

दर आठवड्याला घेतलं तर रक्तातली पातळी स्थिर व्हायला साधारण ४ आठवडे लागतात. डॉक्टर २.५ मिलिग्रॅमवर चार आठवडे ठेवतात आणि पुढेही प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे थांबतात त्यामागे हेही कारण आहे. घाई करून वाढवलं तर अजून चढत असलेल्या पातळीवर तुम्ही आणखी भर टाकताय. एखादा वार चुकला आणि ४ दिवसांच्या आत आठवलं तर घ्यायचं, त्याच्या पुढे गेलं तर सोडून द्यायचं आणि पुढच्या ठरलेल्या वारी घ्यायचं, असं त्याच्या माहितीपत्रकात आहे. दोन डोस जवळजवळ घेऊन भरपाई करायची नाही.

५. म्हणजे दोन औषधं एका पेनात मिसळलीत?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे म्हणून सविस्तर सांगते. पेनात एकच रेणू आहे आणि तोच एक रेणू कधी ह्या रिसेप्टरला बसतो, कधी त्या. एका वेळी दोन्हीवर नाही.

आपल्याकडे कोय कलम सगळ्यांना माहीत आहे. खाली रायवळचा खुंट, वर हापूसची काडी, आणि दोघं मिळून झाड एकच. टिर्झेपाटाइड असंच कलम आहे. खुंट जीआयपीचा. सुरुवातीचा मणी टायरोसीन, हा जीआयपीचा आहे, जीएलपी-१ चं पहिलं अमिनो ॲसिड हिस्टिडीन असतं. त्या जीआयपीच्या माळेत ठराविक जागांवरचे मणी बदलून जीएलपी-१ च्या रिसेप्टरलाही चालेल असं केलं. आणि शेवटचा तुकडा तिसऱ्याच ठिकाणाहून आणला (प्रश्न ९).

हे जमलं कारण जीएलपी-१, जीआयपी आणि ग्लुकागॉन एकाच घराण्यातले आहेत, बऱ्याच जागांवर मणी आधीपासून सारखेच आहेत. हा विचार एका दिवसात आलेला नाही. रिचर्ड डिमार्की आणि मॅथियास च्योप यांच्या गटांनी २००९ मध्ये जीएलपी-१ आणि ग्लुकागॉन असा एकाच रेणूतला जोड दाखवला, २०१३ मध्ये जीएलपी-१ आणि जीआयपीचा. टिर्झेपाटाइडचं वर्णन २०१८ मध्ये छापून आलं, तेव्हा त्याला नाव नव्हतं, नुसता कंपनीचा नंबर होता. अमेरिकेत डायबेटिससाठी मे २०२२ ला परवानगी, वजनासाठी नोव्हेंबर २०२३ ला.

६. एकच किल्ली दोन कुलपांना कशी लागते? आमच्या मुलाला बारावीला बायो आहे, त्याला सांगायचंय.

कुलूप-किल्लीपेक्षा दोन टप्प्यांत विचार करायला सांगा. हे रिसेप्टर पेशीच्या भिंतीत सात वेळा आतबाहेर विणलेले असतात आणि बाहेर एक मोठं डोकं असतं. पेप्टाइड सापासारखी पीळदार गुंडाळी करून येतं. शेवटच्या अर्ध्या भागाने ते आधी त्या बाहेरच्या डोक्याला धरतं, मग सुरुवातीचं टोक रिसेप्टरच्या आतल्या खोबणीत शिरतं, तिथे धक्का बसतो, आत जी-प्रोटीन हलतं आणि सीएएमपी नावाचा निरोप्या बनायला लागतो. म्हणजे पकडायचं काम एका टोकाचं, चालू करायचं दुसऱ्या टोकाचं. डिझाइन करणाऱ्याला त्यामुळे जागा मिळते, काही मणी दोन्ही रिसेप्टरना आवश्यक म्हणून हात लावायचा नाही, काही एकालाच लागतात, काही कोणालाच नाही, अशा मोकळ्या जागी लायसीन बसवून तिथे शेपटी लावायची. विसावी जागा तशी आहे. आणि गुंडाळी घट्ट राहावी म्हणून तेराव्या जागेवरचं ते दुसरं एआयबी, एआयबीला गुंडाळीत राहायला आवडतं.

७. दोन्ही रिसेप्टरवर सारखाच जोर लागतो का?

नाही, आणि ह्या रेणूबद्दल मला काय वाटतं हे विचाराल तर खरी गंमत इथेच आहे. लोक म्हणतात डबल ॲक्शन, डबल ताकद. तसं नाहीये. जीआयपीच्या रिसेप्टरला टिर्झेपाटाइड जवळजवळ नैसर्गिक जीआयपीइतकंच धरतं. जीएलपी-१ च्या रिसेप्टरला मात्र नैसर्गिक जीएलपी-१ पेक्षा साधारण पाचपट कमी. मुद्दाम तिरका तोल आहे.

अजून एक आहे. जीएलपी-१ चा रिसेप्टर चालू झाला की सहसा दोन गोष्टी होतात, सीएएमपीचा निरोप जातो, आणि थोड्या वेळाने बीटा-अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन रिसेप्टरला पेशीच्या आत ओढून नेतं, म्हणजे दार बंद. टिर्झेपाटाइड पहिलं काम करवतं पण दुसरं फार कमी. त्यामुळे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर जास्त राहतात. ह्याने कमी पकड असूनही परिणाम चांगला का दिसतो ह्याचा एक भाग समजतो.

आणि तोल असा का ठेवला, तर जीएलपी-१ चा जोर वाढवत गेलं की मळमळ, उलटी वाढत जाते, तिथे एक मर्यादा लागतेच. जनावरांवरच्या प्रयोगांत जीआयपीच्या रिसेप्टरचा निरोप सोबत दिला तर जीएलपी-१ मुळे होणारी मळमळ कमी दिसली. माणसात मळमळ, जुलाब, बद्धकोष्ठ टिर्झेपाटाइडमध्येही होतातच, मुख्यतः डोस वाढवताना.

तिरक्या तोलाची एक अडचण पण सांगून ठेवते. उंदराच्या जीआयपी रिसेप्टरवर टिर्झेपाटाइड माणसाच्या मानाने बरंच कमकुवत आहे. त्यामुळे साध्या उंदरांवरचा अभ्यास वाचून कोणी सांगत असेल की जीआयपीचा काही उपयोग नाही, तर आधी विचारा रिसेप्टर कोणाचा होता.

८. सेमाग्लुटाइडपेक्षा खरंच जास्त उतरतं का, की जाहिरात?

समोरासमोरची चाचणी झालीय. ७५१ लोक, डायबेटिस नसलेले, ७२ आठवडे, निकाल २०२५ मध्ये आला. टिर्झेपाटाइडवर सरासरी २०.२ टक्के वजन उतरलं, सेमाग्लुटाइडवर १३.७ टक्के. चाचणी टिर्झेपाटाइडच्याच कंपनीने केली होती आणि कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, हे लक्षात ठेवून वाचा, तरी फरक मोठा आहे. त्याआधी २०२२ च्या २,५३९ लोकांच्या चाचणीत १५ मिलिग्रॅमवर सरासरी २०.९ टक्के, खोट्या इंजेक्शनवर ३.१ टक्के.

सरासरी म्हणजे तुमचं नाही. कोणाचं खूप उतरतं, कोणाचं जेमतेम, आणि डायबेटिस असलेल्यांचं साधारण कमी उतरतं. उतरलेल्या वजनात साधारण पाव भाग चरबी सोडून बाकीचा, म्हणजे स्नायू वगैरे असतो, म्हणून भूक मेली म्हणून नुसत्या पेजेवर राहू नका, मासे, अंडी, कुळीथ, डाळ ताटात हवीच आणि चढ चढायला हवेत.

९. ताई, ह्या औषध घोरपडीच्या लाळेपासून करतत असा म्हणतत, खरा काय? आमच्याकडे माळकरी आसत.

काका, लाळ कुठेही वापरत नाहीत. पण गोष्ट पूर्ण खोटी पण नाही. अमेरिकेच्या नैऋत्य भागात आणि मेक्सिकोत गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो, आपली घोरपड वेगळी. त्याच्या विषात जॉन एंग या डॉक्टर-संशोधकाला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक्सेंडिन-४ नावाचं ३९ मण्यांचं पेप्टाइड सापडलं, जे माणसाच्या जीएलपी-१ रिसेप्टरला चालू करतं आणि तरी डीपीपी-४ कात्रीने लवकर कापलं जात नाही, कारण त्याचा दुसरा मणी ॲलानीन नाही तर ग्लायसीन आहे. त्यावरून बनवलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये औषध म्हणून आलं, ह्या वर्गातलं पहिलं.

टिर्झेपाटाइडच्या शेवटच्या नऊ मण्यांचा क्रम, प्रोलीन-सेरीन-सेरीन-ग्लायसीन-ॲलानीन आणि मग तीन प्रोलीन नि सेरीन, एक्सेंडिनच्या शेपटासारखा आहे. क्रम तिथून घेतलाय, वस्तू नाही. मणी कारखान्यात रसायनाने जोडतात (प्रश्न १०). कोणत्याही प्राण्याला हात लावावा लागत नाही.

१०. मग बनवतात कसं? लोट्याच्या एमआयडीसीत होण्यासारखं आहे का?

ब्रूस मेरीफिल्डने १९६३ मध्ये पद्धत दाखवली, त्याला १९८४ चं नोबेल मिळालं. प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांना पहिला मणी चिकटवायचा, मग एकेक मणी जोडत जायचं, प्रत्येक वेळी जास्तीचं धुऊन काढायचं. ऐकायला सोपं, पण हिशोब करून बघा. ३९ मण्यांना ३८ जोड लागतात. प्रत्येक जोड ९९ टक्के यशस्वी झाला तरी शेवटी पूर्ण माळा ६८ टक्केच, आणि ९७ टक्के असेल तर ३१ टक्के. बाकीच्या सगळ्या एखादा मणी गळालेल्या माळा, आणि त्या खऱ्या माळेपासून वेगळ्या काढणं हे सगळ्यात किचकट काम. म्हणून टिर्झेपाटाइड मोठ्या प्रमाणावर करताना तुकडे वेगवेगळे बनवून, शुद्ध करून, मग द्रावणात एकमेकांना जोडतात.

सेमाग्लुटाइडचं वेगळं आहे, त्याची बहुतेक माळ यीस्टकडून बनवून घेतात आणि मग सुरुवातीचा एआयबीवाला तुकडा आणि शेपटी रसायनाने लावतात. टिर्झेपाटाइडमध्ये एक एआयबी माळेच्या मधोमध, यीस्टला एआयबी ओवता येत नाही, त्यामुळे तो सोपा रस्ता बंद. एका मण्याच्या निवडीने कारखान्याचा सगळा नकाशा बदलतो.

लोट्यात रसायनाचे कारखाने आहेत, माणसं शिकलेली आहेत, जोडायचं तंत्र जमण्यासारखं आहे. पण ह्या कामात एक किलो औषधामागे सॉल्व्हंट प्रचंड लागतं, त्यात डायमिथाइलफॉर्मामाइडसारखं प्रजननाला घातक पण असतं, त्यामुळे खाडीकाठी राहणाऱ्या माणसाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की ते वापरून झाल्यावर जाणार कुठे. पाण्यावर चालणाऱ्या पद्धतींवर संशोधन चालू आहे आणि मला त्याची मनापासून आस आहे.

११. ऑनलाइन तेच पेप्टाइड पावडर स्वस्तात मिळतं, रिपोर्टमध्ये शुद्धता ९९ टक्के आणि वजनही जुळतं. क्रम तोच तर औषध तेच ना?

नको. हे मी हात जोडून सांगते. एका नात्यातल्या मुलीने असंच मागवलं होतं, वर लेबल फक्त संशोधनासाठी, आणि मला फोटो पाठवून विचारलं किती पाणी घालू.

रेणूच्या बाजूने कारण बघा. टिर्झेपाटाइडमध्ये लायसीन दोन आहेत, सोळाव्या आणि विसाव्या जागेवर. शेपटी चुकून सोळाव्याला लागली तर रेणूचं वजन तंतोतंत तेच, ४,८१३ च्या आसपास, रेणूचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या नुसत्या एका आकड्यावरून फरक कळणारच नाही. तसंच जोडताना एखादं अमिनो ॲसिड डाव्याचं उजवं झालं, आरशातल्या प्रतिमेसारखं, तरी वजन तेच. आम्ही लॅबमध्ये एक बॅच केली होती, वजन बरोबर, सगळे खुश, आणि कॉलमवर, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून, चालवली तर आलेखात मुख्य शिखराच्या खांद्यावर दुसरं शिखर. ते शोधायला तीन आठवडे गेले आणि बॅच फेकली. रिपोर्ट कोणाचा, कुठल्या बाटलीचा, हे पावडर विकणारा सांगत नाही. आणि हे सगळं सोडून दिलं तरी टोचायच्या वस्तूत बॅक्टेरियाचं विष, निर्जंतुकपणा, मात्रा हे मुद्दे राहतातच.

१२. पावसात दोन दोन दिवस लाईट नसते, फ्रीज बंद पडला तर औषध फुकट गेलं का?

लगेच नाही. न उघडलेलं २ ते ८ अंशात ठेवायचं. एका डोसचं पेन किंवा बाटली ३० अंशाच्या खाली जास्तीत जास्त २१ दिवस बाहेर चालते. चार डोसच्या पेनचा नियम वेगळा आहे, आतला कागद बघा. जून-जुलैतल्या आपल्या खोलीत ३० च्या खाली राहणं जमतं, मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या घरात नाही जमत, गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही.

उष्णतेत माळा एकमेकींवर रचल्या जाऊन तंतू बनतात आणि ते परत सुटत नाहीत. गोठलं तर त्याहून वाईट, बर्फाचे खडे बनताना पेप्टाइड उरलेल्या थोड्या पाण्यात दाटतं. म्हणून माशांच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर थेट पेन ठेवू नका, हे मी मुद्दाम लिहितेय कारण तीन जणांनी तसं केलं होतं. ठेवायचंच तर बर्फ एका डब्यात, पेन दुसऱ्या डब्यात फडक्यात गुंडाळून. गोठून परत पातळ झालेलं, गढूळ किंवा कण दिसणारं वापरायचं नाही, कितीही पैसे गेले असले तरी.

१३. मला थायरॉईड आहे. चालणार नाही म्हणतात ते खरं का?

आपल्याकडे थायरॉईड म्हणजे बहुतेक वेळा हायपोथायरॉईड, सकाळी गोळी घ्यायची ती. इशारा त्याबद्दल नाहीये. तो थायरॉईडमधल्या सी पेशींच्या गाठींबद्दल आहे, उंदरांवर दिसल्या होत्या. तुम्हाला किंवा घरच्या कोणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर झाला असेल, किंवा मेन-२ नावाचा आनुवंशिक आजार असेल, तर ही औषधं घ्यायची नाहीत. साधी थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगा, वजन उतरलं की तिचा डोस बदलावा लागू शकतो.

१४. गर्भनिरोधक गोळी चालू आहे, काही अडचण?

आहे, आणि ही फार थोड्या जणींना सांगितली जाते. टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर पोट रिकामं व्हायचा वेग सगळ्यात जास्त कमी होतो, तेव्हा तोंडाने घेतलेली गोळी कमी शोषली जाते. म्हणून सुरू केल्यावर ४ आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर ४ आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरायचं किंवा तोंडाने न घ्यायचा पर्याय निवडायचा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरशी बोलून औषध थांबवायचं, पाच दिवसांचं अर्धायुष्य धरलं तर शरीरातून जायला साधारण महिना लागतो.

१५. बंद केलं की परत वाढतं का?

बहुतेकांचं वाढतं. एका चाचणीत ३६ आठवडे सगळ्यांना दिलं, सरासरी २०.९ टक्के उतरलं, मग अर्ध्यांचं बंद केलं. पुढच्या ५२ आठवड्यांत बंद केलेल्यांचं १४ टक्के वाढलं, चालू ठेवलेल्यांचं आणखी ५.५ टक्के उतरलं. रेणू गेला की रिसेप्टरवरचा निरोप गेला, भूक परत येते, ह्यात त्या माणसाचा आळस शोधू नका.

१६. ग्लुकागॉन तर साखर वाढवतं, मग नवीन औषधांत ते का घालतात?

बरोबर शंका. ग्लुकागॉन लिव्हरला साठवलेली साखर सोडायला लावतं, पण त्याच वेळी लिव्हरमधली चरबी जाळायला लावतं आणि शरीराचा खर्चही वाढवतं. सोबत जीएलपी-१ असेल तर साखरेचा तोल तो सांभाळतो. निसर्गात असा जोड आधीच आहे, ऑक्सिन्टोमोड्युलिन, ३७ मण्यांचं, ग्लुकागॉनची पूर्ण माळ आणि पुढे आठ मणी, ते दोन्ही रिसेप्टरवर चालतं. त्याच्या वाटेने माझ्दुटाइड बनलं, ज्याला चीनमध्ये २०२५ ला परवानगी मिळाली, आणि सर्वोड्युटाइड त्याच दोन रिसेप्टरचं. रेटाट्रुटाइड तर जीएलपी-१, जीआयपी, ग्लुकागॉन ह्या तिन्हीच्या रिसेप्टरवर, मधल्या टप्प्याच्या चाचणीत १२ मिलिग्रॅमवर ४८ आठवड्यांत सरासरी २४.२ टक्के. इथे तोल चुकला तर हृदयाचे ठोके आणि साखर दोन्ही वर जाऊ शकतात, म्हणून प्रश्न ७ मधला तिरका तोल इथे अजून नाजूक होतो.

१७. एका ठिकाणी वाचलं की जीआयपी बंद केल्याने वजन उतरतं. तुम्ही म्हणता चालू केल्याने. कोण खरं?

दोन्ही, आणि ह्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. जीआयपीचा रिसेप्टरच नसलेले उंदीर चरबीच्या खाण्यावर कमी जाड होतात हे २००२ मध्येच दिसलं होतं. त्यावरून मारिटाइड बनलं, जीआयपीचा रिसेप्टर अडवणारी एक अँटिबॉडी आणि तिला जोडलेली दोन जीएलपी-१ पेप्टाइड, महिन्यातून एकदा द्यायचं, आणि माणसांत वजन चांगलं उतरलं. एक मत असं की रिसेप्टर सतत चालू ठेवला तर पेशी त्याला ऐकेनाशी होते, म्हणजे शेवटी अडवल्यासारखंच. दुसरं मत असं की दोन्ही रस्ते मेंदूत वेगवेगळ्या पेशींतून जातात. मला दुसऱ्यात जास्त दम वाटतो, कारण प्रश्न ७ मधली मळमळ कमी होणं पहिल्याने नीट समजावता येत नाही.

१८. ह्याची गोळी का नाही?

पोट आणि आतडं माळ तोडण्यासाठीच आहेत, प्रश्न १ बघा. सेमाग्लुटाइडची गोळी आहे, त्यात पोटात पेप्टाइडला आधार देणारं एक रसायन घातलंय, तरी फारच थोडं शोषलं जातं म्हणून रोज, रिकाम्या पोटी, थोड्याच पाण्याबरोबर. ऑरफोरग्लिप्रॉनही गोळी आहे पण ते पेप्टाइडच नाही, आणि फक्त जीएलपी-१ च्या रिसेप्टरवर चालतं.

१९. दोन झाले, तीन झाले, मग चौथा पाचवा पण एकाच माळेत का घालत नाहीत?

कारण आंब्याचं कलम फणसावर लागत नाही. जीएलपी-१, जीआयपी, ग्लुकागॉन एका घराण्याचे, म्हणून एकाच माळेत तिघांचे मणी बसवता आले. पुढचा उमेदवार ॲमिलिन आहे, तो पण पोट भरल्याची जाणीव देतो, पण त्याचा रिसेप्टर वेगळ्या घराण्याचा आणि त्याच्या माळेच्या सुरुवातीला गंधकाच्या बंधाने बनलेलं कडं असतं, ते मोडून चालत नाही. मग दोनच वाटा राहतात. एक, दोन वेगळे रेणू एकाच टोचणीत द्यायचे, कॅग्रिसेमा तसं आहे, म्हणजे प्रश्न ५ मधल्या माझ्या उत्तराला हा अपवाद, तिथे खरंच दोन औषधं आहेत. दुसरी, दोन्ही पूर्ण तुकडे एकापुढे एक जोडून लांब रेणू बनवायचा, ॲमिक्रेटिन त्या जातीचं. लांब रेणूत दोन्ही टोकं आपापलं काम करायला मोकळी राहतील अशी जोडणी शोधावी लागते, आणि प्रश्न १० मधला जोडांचा हिशोब तेवढाच लांबतो.